डावा कोपरा कोण खेळणार?

छत्रपती संभाजीनगरातला उस्मानपुरा आणि त्याला लागून गेलेला स्टेशन रोड, एवढ्याच पट्ट्यात तीन तऱ्हेच्या संस्था आहेत. शासकीय तंत्रनिकेतन, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि पुढे स्टेशनच्या बाजूला देवगिरी महाविद्यालय. यांपैकी कुठल्या एका कॉलेजच्या संघाची ही हकीकत नाही. पण कॉलेजचा कबड्डी संघ उभा कसा राहतो, हे समजून घ्यायला हा पट्टा सोयीचा आहे. खेळ एक, नियम एक, मॅटही तीच तेरा बाय दहा मीटरची. खेळाडू मिळायच्या वाटा मात्र तीन.

तंत्रनिकेतनात पोरगं दहावी करून येतं, तीन वर्षांत पदविका घेऊन जातं. म्हणजे ते येतं सोळाव्या वर्षी आणि अंगात ताकद भरायला लागते त्या सुमाराला निघून जातं. शिवाय पदविकावाल्यांच्या स्पर्धा त्यांच्या त्यांच्यात होतात, विद्यापीठाच्या स्पर्धांशी त्यांचा संबंध नाही. अभियांत्रिकीला सीईटी आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रिया ठरवेल ते येणार. क्रीडा संचालकांच्या हाती जुलै-ऑगस्टात नव्या मुलांची यादी पडते आणि त्यातल्या कोणी शाळेत कबड्डी खेळली असेल का, याचा शोध तिथून पुढे सुरू होतो. इथे खेळाडू आणता येत नाही, सापडला तर सापडतो. कला, वाणिज्य, विज्ञानाच्या मोठ्या कॉलेजांचं तसं नाही. तिथे अकरावी-बारावी त्याच आवारात असते, प्रवेशाला थोडी सैल जागा असते, आणि बीड-जालन्याकडचा एखादा चांगला खेळाडू बारावीनंतर ‘आपल्याकडे ये’ म्हणून बोलावता येतो. मैदानावरच्या भाषेत याला ‘पोरं आणणं’ म्हणतात. ‘यंदा गेवराईकडून दोन पोरं आणलीत’ असं एका संचालकानं दुसऱ्याला सांगितलं, की ऐकणारा लगेच विचारतो, रेडर का?

बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं, आणि कॉलेज संघांची सगळी रड तिथेच आहे.

आधी जागा समजून घेऊ. मॅटवर सात जण उतरतात. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, डावा आणि उजवा. कोपऱ्याच्या आतल्या अंगाला लेफ्ट इन आणि राइट इन. त्यांच्या आत दोन कव्हर, वर्तमानपत्रांच्या भाषेत मध्यरक्षक. आणि मधोमध सेंटर. साधारण रचनेत कोपरे आणि कव्हर हे चौघे पकडीचे, तर दोन इन आणि सेंटर इथे चढाईपटू, म्हणजेच रेडर, उभे करतात. याचा अर्थ चढाईपटू बचावातून सुटला असा नाही. इनमधल्या गड्याला कोपऱ्याचा हात धरून साखळी राखावी लागते. कोपऱ्यानं घोटा धरला आणि इनवाला आपली चढाई आठवत तिथेच उभा राहिला, तर रेडर कोपऱ्याला ओढत मध्यरेषा गाठतो.

प्रत्येक जागेचं काम वेगळं आणि ते काम करणारं शरीरही वेगळं. कोपऱ्याचा गडी खाली बसून खेळतो. रेडरचा पाय बोनस रेषेकडे सरकला की घोटा किंवा मांडी धरायची, तीही पाय जमिनीवर टेकायच्या नेमक्या क्षणी. जरा आधी झेप घेतली तर रेडर वरून उडी मारून जातो आणि गुण घेऊन जातो. कव्हरवाल्याचं काम धडकेचं. कोपऱ्यावर गुंतलेल्या रेडरला छातीनं ढकलून लॉबीबाहेर काढायचं, किंवा त्याच्या परतीच्या वाटेत आडवं उभं राहायचं. त्याला वजन लागतं, खांदे लागतात. वरिष्ठ गटात पुरुषांना ८५ किलोची आणि महिलांना ७५ किलोची मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेच्या जवळ जाऊन पोचतात ते बहुतेक कव्हरवाले. खेड्यातून सतराव्या-अठराव्या वर्षी आलेलं पोरगं तेवढं भरलेलं नसतं. कव्हर तयार मिळत नाही, पहिल्या वर्षी उंच हाडाचा मुलगा हेरून त्याला दोन वर्षं खाऊ घालावं लागतं.

डावं-उजवं हाही मोठा फरक आहे. प्रेक्षकाला वाटतं कोपरा म्हणजे कोपरा. पण उजव्या कोपऱ्यात वाढलेला गडी डाव्या कोपऱ्यात ठेवला, की त्याचा पुढे टाकायचा पाय बदलतो, साखळीचा हात बदलतो, आणि रेडर कुठल्या खांद्यावरून निसटतो तेही बदलतं. हे बदलून घेता येतं, पण एका आठवड्यात नाही. सामन्याच्या मध्यात तर नाहीच. रेडरचंही तेच. आपल्या डाव्या अंगानं शिरणारा रेडर आधी समोरच्या उजव्या कोपऱ्यासमोर जातो, उजव्या अंगानं शिरणारा डाव्या कोपऱ्यासमोर. तुमच्याकडे दोन्ही रेडर एकाच बाजूचे असतील, तर समोरचा एक कोपरा चाळीस मिनिटं आरामात उभा राहील.

आता हिशेब बघा. संघ बाराचा. सात आत, पाच राखीव. जागा सात आणि राखीव पाच, म्हणजे प्रत्येक जागेला बदली माणूस ठेवायचा म्हटलं तरी दोन कमी पडतात. बहुतेक कॉलेजं हे पाच कसे भरतात? तीन रेडर, एक अष्टपैलू म्हणवला जाणारा चौथा रेडर, आणि एक जण प्राचार्यांच्या किंवा संस्थाचालकांच्या ओळखीचा. डाव्या कोपऱ्याचा घोटा मुरगळला की मग धावपळ. कोपरा खेळायला इनमधला रेडर पाठवतात, त्याच्या जागी दुसरा रेडर येतो, आणि पुढच्या चार चढायांत समोरच्याला कळतं की डावीकडे दार उघडं आहे.

माझ्या मते पाचांची वाटणी अशी हवी. एक कोपरा, जो दोन्ही बाजूंना खेळलेला आहे. एक कव्हर. एक रेडर, मुख्य रेडर ज्या बाजूचा नाही त्या बाजूचा. एक असा गडी, ज्याला इन आणि कव्हर दोन्ही जमतं आणि तिसरी चढाई घ्यायला जो घाबरत नाही. ‘तिसरी चढाई’ म्हणजे आधीच्या दोन रिकाम्या गेल्यावर जी घ्यावी लागते आणि ज्यात गुण नाही मिळाला तर रेडरच बाद होतो, ती. पाचवी जागा पहिल्या वर्षाच्या मुलाला द्यावी, तो एक मिनिटही खेळणार नसला तरी. त्याला प्रवास कळतो, मॅटची सवय होते, आणि बाकावर बसून बघितलेला एक सामना कधी कधी दहा सरावांइतकं शिकवतो.

कबड्डीत राखीव फळीचं महत्त्व इतर खेळांपेक्षा वेगळ्या कारणानंही आहे. फुटबॉलमध्ये चांगला खेळाडू सहसा दुखापत झाली किंवा लाल कार्ड मिळालं तरच बाहेर जातो. कबड्डीत तो बाद होऊन बाहेर बसतो, तेही एकाच सामन्यात अनेकदा. आणि त्याला आत घ्यायचा क्रम प्रशिक्षकाच्या हातात नसतो. जो आधी बाद झाला तो आधी जिवंत होणार. तुमचा हुकमी रेडर चौथा बाद झाला असेल, तर त्याच्या आधीचे तिघे परत आल्याशिवाय तो आत येत नाही. तेवढ्या वेळात चढाई कोण करणार? दुसरा रेडर. तोही बाद झाला तर? तिसरा, म्हणजे बहुधा सेंटरचा किंवा एखादा कव्हरवाला. मॅटवर तिघे उरले की समोरचा संघ लोण चढवायला, म्हणजे सगळ्यांना बाद करायला, टपलेला असतो, लोणाचे दोन गुण वेगळे. याच वेळी पकड साधली तर अव्वल पकडीचा एक गुण जास्त मिळतो, आणि ही पकड करणारे हात बहुतेक वेळा कोपऱ्याचे असतात. सामना फिरतो तो अशा पाच-सहा मिनिटांत, आणि तेव्हा संघाचा सगळ्यात नावाजलेला माणूस बाहेर बसलेला असतो.

हे सगळं मैदानावरच्या कुणालाही ठाऊक आहे. तरीही रेडरच का गोळा होतात?

याचं एक कारण निवड चाचणीत आहे. जुलै-ऑगस्टात, पावसानं मैदान चिकट झालेलं असताना, तीस-चाळीस मुलं रांगेत उभी राहतात. प्रत्येकाला दोन-तीन चढाया. वही घेतलेला सीनियर गुण लिहितो. यात रेडर आपोआप दिसतो. कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या मुलाकडे मात्र रेडर फिरकलाच नाही तर त्याच्यापुढे शून्य, आणि फिरकला आणि पकड सुटली तरी शून्यच. रेडर त्याच्याकडे का फिरकला नाही, हे कुणी लिहीत नाही. कदाचित तो इतका नीट उभा होता की रेडरला तिकडे जायची इच्छाच झाली नसेल.

कोपरा पारखायचा तर चाचणीच वेगळी बांधावी लागते. मुलाला डाव्या कोपऱ्यात उभा करायचा, शेजारी लेफ्ट इन द्यायचा, आणि चांगल्या रेडरला सांगायचं की सलग पाच वेळा याच्याकडेच जा. बघणाऱ्यानं मुलाच्या हातांकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं. रेडर आत येताना तो किती मागे सरकतो, शेवटच्या रेषेपाशी अडकतो का, रेडर वळला की याचे पाय त्याच्याबरोबर वळतात का. पकड सुटणं हा या वयात गुन्हा नाही. वेळेआधी झेप घेणं हाही नाही, ते सुधारता येतं. पण पकड सुटल्यावर जो गडी आपली जागा सोडून आत भरकटतो, त्याला शिकवायला फार वेळ लागतो. मग त्याला मैदानाच्या दोन फेऱ्या पळवून दमलेला असताना पुन्हा उभा करायचा. शेवटी उजव्या कोपऱ्यात. तिथे तो गोंधळला तरी चालेल, गोंधळल्याचं त्याला कळलं का एवढंच टिपायचं. या पद्धतीनं एका मुलाला दहा मिनिटं लागतात. चाळीस मुलांना एका संध्याकाळी उरकायचं म्हटलं तर हे होत नाही, म्हणून होत नाही.

दुसरं कारण बक्षिसांचं. जयंत्या, जत्रा, गणपती यांच्या निमित्तानं गावोगाव रात्रीचे सामने होतात. अमुक किलोचा गट, तमुक किलोचा गट, हॅलोजनचा उजेड, माइकवर पुकारा. पकडीलाही बक्षीस असतं, पण पोस्टरवर फोटो आणि टाळ्यांचा कडकडाट चढाईला. बारा-तेरा वर्षांचं पोरगं हे बघून मोठं होतं आणि त्याला रेडरच व्हायचं असतं. त्यात त्याचं काही चुकत नाही.

व्यावसायिक कबड्डीनं मात्र याचा उलटा धडा गिरवून दाखवला आहे. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले, तोवरची सर्वांत मोठी बोली. पवन हंगामभर खेळला, चढाईत दोनशेहून जास्त गुण मिळवले. टायटन्स २२ सामन्यांत दोन जिंकून बारा संघांत बारावे आले. त्याच लिलावात पुणेरी पलटणनं २ कोटी ३५ लाखांना इराणचा मोहम्मदरेझा शादलुई घेतला. तो डावा कोपरा. चढाई पलटणनं एका माणसावर न ठेवता अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे यांच्यात वाटून दिली. शादलुईनं पकडीचे ९९ गुण घेतले आणि तो हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. हरलेल्या हरियाणानं पुढच्या लिलावात शादलुईला २ कोटी ७ लाखांना उचललं आणि डिसेंबर २०२४ मध्ये पाटण्याला हरवून तेही जिंकले. एका माणसानं दोन करंडक जिंकून दिले असं मी म्हणणार नाही. हरियाणाचा बचाव आधीपासून भक्कम होता. पण पैसे मोजणाऱ्यांनी कोपऱ्याची किंमत ओळखली एवढं त्यातून नक्की दिसतं. पलटणच्या त्या पोरांमागे युवा पलटण ही संघाची तयारीची फळी होती, हेही विसरायला नको.

कॉलेजकडे लिलाव नाही, पैसे नाहीत. त्याच्याकडे आहे फक्त वेळ, तोही मोजका: पदवीची तीन वर्षं, नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष घेतलं तर चार. त्यापुढे एम.ए. किंवा बी.पी.एड. करून आणखी एक-दोन हंगाम मिळतात. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वयाची अट १७ ते २५. म्हणून खेळाडूंची फळी जागेप्रमाणे बांधायची तशी वर्षाप्रमाणेही बांधावी लागते. याला एक साधा तक्ता पुरतो. उभ्या बाजूला सात जागा, आडव्या बाजूला प्रथम, द्वितीय, तृतीय आणि पदव्युत्तर. त्यात नावं लिहायची. संघ कागदावर आला की रोग लगेच दिसतो. इन आणि सेंटरच्या ओळींत नावांची गर्दी, एकेका चौकटीत दोन-तीन. डाव्या कोपऱ्याच्या ओळीत एकच नाव, आणि तेही तृतीय वर्षाच्या रकान्यात. उजव्या कव्हरची ओळ पहिल्या दोन वर्षांत कोरी. एका जागेचे दोन्ही खेळाडू एकाच वर्षातले असतील तर तेही वाईटच, कारण दोघे एकाच मे महिन्यात जाणार.

हा तक्ता हंगाम संपल्या संपल्या, जानेवारी-फेब्रुवारीत भरायचा असतो. ऐन प्रवेशाच्या वेळी भरून उपयोग नाही. कारण पोरं शोधायची जागा म्हणजे शालेय क्रीडा स्पर्धा, आणि त्या पावसाळ्यापासून थंडीपर्यंत होऊन जातात. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या. कॉलेजला हवा असलेला मुलगा १९ वर्षांखालच्या गटात, बारावीला असतो. विभागीय स्पर्धा बघायला गेलेल्या संचालकानं रिकाम्या रकान्यांची यादी खिशात ठेवावी. नाहीतर डोळा रेडरवरच जातो. हरलेल्या संघाचे सामने जास्त बारकाईनं बघावेत असं माझं मत आहे. जिंकणाऱ्या संघाचा कोपरा दिसतच नाही, कारण त्याचे रेडर समोरच्यांना संपवून टाकतात. हरणाऱ्या संघाच्या कोपऱ्याकडे मात्र अर्धा तास रेडर येतच राहतात.

ज्यांच्याकडे अकरावी-बारावी आहे त्यांना आणखी एक फायदा. सोळाव्या वर्षी हातात आलेल्या मुलाची जागा ठरवायला दोन वर्षं मिळतात. तरी तिथेही गावाकडून ‘रेडर’ म्हणून आलेल्या पोराला कोपरा खेळ म्हणणं सोपं नसतं. त्याला ती बढती वाटत नाही, शिक्षा वाटते. एका वेळी दोन्ही चालू ठेवणं हा त्यावरचा शहाणा उपाय आहे. सरावात चढाई, सामन्यात कोपरा, आणि पहिली यशस्वी पकड सगळ्या संघासमोर मोजून दाखवायची.

अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये, हाच तक्ता एक मोठा उद्योग झालेला आहे. आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, लाथ मारणारे आणखी वेगळे, आणि प्रत्येक जागेला पहिला, दुसरा, तिसरा अशी जाहीर उतरंड. वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांना अनेक वर्षं ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती द्यायची मुभा होती. २०२५ पासून ती मर्यादा जाऊन संघच १०५ जणांचा, असा नियम आला. शाळकरी मुलांना तारे देऊन क्रमवारी लावतात. २०१८ मध्ये कॉलेज बदलू इच्छिणाऱ्यांची अधिकृत यादी सुरू झाली आणि २०२१ पासून मुलांना आपल्या नावाचे पैसे घ्यायची परवानगी मिळाली. आता तिथल्या प्रशिक्षकाची तक्रार अशी आहे: दोन वर्षं घडवलेला दुसऱ्या फळीतला मुलगा पहिल्या फळीत जागा रिकामी व्हायच्या आतच दुसरीकडे निघून जातो.

आपल्याकडे तशी यादी नाही, पण गळती आहे. मराठवाड्यातल्या कॉलेज संघाची सर्वांत मोठी गळती म्हणजे पोलिस भरती. कबड्डी खेळणारा मुलगा धावायला, गोळा फेकायला तयारच असतो. मैदानी परीक्षेचे ५० गुण आणि लेखीचे १००. भरती निघाली की द्वितीय वर्षाचे दोघे-तिघे सरावाला येईनासे होतात, आणि त्यांना थांबवायचा हक्क कुणालाच नाही. घरची नोकरी पहिली, कॉलेजचा करंडक नंतर. दुसरी गळती हंगामी. बीड जिल्ह्यातल्या अनेक घरांतली माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलला परततात. मागे म्हातारी माणसं, जनावरं, लहान भावंडं. थोरला मुलगा शहरात कॉलेजला असेल तर घरचा फोन त्यालाच येतो. विद्यापीठाचं सराव शिबिर आणि पश्चिम विभागाच्या स्पर्धा नेमक्या याच थंडीत असतात. म्हणून एका जागेला दोन नावं हवीत असं म्हणताना दुखापत हे कारण मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

वरची पायरीही सांगून टाकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे आहेत. कॉलेजं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतात, त्यातून निवड समिती विद्यापीठाचा संघ काढते, आणि तो संघ पश्चिम विभागात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांशी खेळतो. विभागातले पहिले चार अखिल भारतीय स्पर्धेला. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ वेगळा. विद्यापीठाच्या संघात निवडला गेलेला मुलगा ‘कलर होल्डर’ म्हणून मिरवतो, आणि मिरवावंच. पण निवड समितीसमोरही तोच मोह असतो. प्रत्येक कॉलेजचा सर्वांत चमकलेला गडी घेतला की बाराच्या संघात आठ रेडर होतात. ज्या कॉलेजनं खरोखर चांगला कोपरा घडवला, त्याचा मुलगा यामुळे सहज वर जातो, कारण तिथे स्पर्धाच कमी असते. नव्या मुलाला कोपरा खेळायला राजी करताना हे सांगायला हरकत नाही. ते खरं आहे.

कागदपत्रांकडे मात्र दुर्लक्ष नको. दहावीची सनद, बारावीची गुणपत्रिका, प्रवेशाची पावती, पात्रतेचा अर्ज. एका खेळाडूचा अर्ज अपुरा निघाला आणि समोरच्या कॉलेजनं आक्षेप घेतला, तर मॅटवर जिंकलेला सामना टेबलावर जातो. दुसऱ्याच्या नावावर पोरगं उतरवायचे प्रकार या क्षेत्रात होत आले आहेत, आणि ते बहुतेक तिथेच होतात जिथे तक्त्यातला रकाना रिकामा राहिलेला असतो.

मुलींच्या संघाचा तक्ता भरायला घेतला की वरचं सगळं श्रीमंतांचं दुखणं वाटायला लागतं. मॅट बारा बाय आठची, वेळ पंधरा-पंधरा मिनिटांची, जागा त्याच सात. पण अनेक कॉलेजांत बारा नावं होतच नाहीत, आठ-नऊ जणींवर संघ उतरतो. बाहेरगावच्या स्पर्धेला घरून परवानगी नाही, वसतिगृहात संध्याकाळी परतायची वेळ सरावाच्या आधीच येते, आणि द्वितीय वर्षाच्या सुट्टीत एखादीचं लग्न ठरतं. इथे कोपऱ्याला दोन नावं हा प्रश्न नंतरचा. आधी सराव दुपारी घेणं, सोबत महिला शिक्षिका असणं, आणि पालकांना एकदा मैदानावर बोलावून सामना दाखवणं, एवढं झालं तरी तीन-चार नावं वाढतात. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी तैवानला २६-२५ असं एका गुणानं हरवून सुवर्ण घेतलं, त्याची चित्रफीत पालकांसमोर लावली तर उत्तमच.

शेवटचं काम मे महिन्यातलं. रिकामे रकाने माहीत आहेत, मुलं हेरलेली आहेत, बारावीचा निकाल लागलाय. आता फोन. अमेरिकेतला प्रशिक्षक शिष्यवृत्तीचं पत्र पाठवतो. आपल्या संचालकाच्या हातात असतं ते वसतिगृहाचा अर्ज वेळेत भरून देणं, समाजकल्याणचं वसतिगृह किंवा स्वाधार योजना लागू होते का ते बघणं, बुटांची सोय आणि जमलं तर फीमध्ये थोडी सूट. फोनवर मुलगा कमी बोलतो, वडील जास्त. ‘सर, खेळून नोकरी लागंल का?’ हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात येतोच. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण आंतरमहाविद्यालयीन सामन्यातल्या नुसत्या सहभागावर ते मिळत नाही, ठरावीक पातळीवरचं पदक लागतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते, हे स्पष्ट सांगावं. पहिल्याच वर्षी सातांत घेऊ, असंही सांगू नये. पहिलं वर्ष सराव, दुसऱ्या वर्षी बारात, जागा अमुक, आणि त्या जागेवर आत्ता कोण आहे व तो कधी जाणार, एवढं खरं खरं सांगितलं तर पोराला आपली पाळी कधी येईल ते कळतं. वडिलांचा पुढचा प्रश्न खानावळीचा असतो, आणि त्याचं उत्तर रुपयांतच द्यावं लागतं.